चकतीचा आवाज

तेजस्विनीने हँडल धरून सायकल पुढून उचलली, मोकळ्या हाताने पुढचं चाक फिरवलं आणि म्हणाली,

"ऐका, नाना."

तिचे वडील, सावळीराम नाना, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. ते पुढे झुकले. चाक गरगरत होतं, स्पोकची सावली पार्किंगच्या फरशीवर भिरभिरत होती. चाकाच्या मधोमध फुलक्याएवढी पोलादी चकती होती आणि सायकलीच्या चिमट्याला बसवलेले ब्रेकचे दोन पॅड तिच्या दोन्ही अंगांना, जेमतेम पोस्टकार्ड जाईल एवढ्या अंतरावर, टपून बसले होते. नानांना सगळं दिसत होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.

"ऐकलंत? चिंग, चिंग, चिंग. सारखं चालू असतं."

"हं," नाना म्हणाले. "बारीक हाय, पण हाय."

"दुकानात दोनदा दाखवली. ते म्हणतात, डिस्क ब्रेकला एवढं चालायचंच."

"चालायचंच?" नाना उठले. "ब्रेकनं धरायचं तवा धरावं, सोडायचं तवा सोडावं. मधलं काम ब्रेकचं नसतं. आण इकडं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सहाला तिला निघायचं होतं. नाशिकहून दिंडोरी, वणी, सापुतारा, पुढे घाट उतरून पलीकडे, आणि तिथून वळून तोच घाट चढून परत. सायकलवाल्यांच्या क्लबने ठरवलेली दोनशे किलोमीटरची फेरी, साडेतेरा तासांत. जानेवारीत तिने हे अंतर पहिल्यांदा करून बघितलं होतं आणि वीस मिनिटांनी वेळ चुकली होती. सातपूरच्या एका कारखान्यात ती सुट्या भागांची मापं तपासायची. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाने चुकलेला तुकडा बाजूला काढणं हे तिचं रोजचं काम. तिला वीस मिनिटं कशी पचणार? त्यानंतर तिने महिनाभर सायकलीला हात लावला नाही. मग एका सकाळी पुन्हा पाचला उठली आणि टायरमध्ये हवा भरू लागली.

आणि नाना तर ब्रेकवालेच. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात ब्रेक फिटर म्हणून काढलेली. डेपोच्या गेटातून गाडी आत वळायची आणि हातातला चहा खाली न ठेवता नाना सांगायचे, "मागचा डावा. लायनर संपलंय." चाक उघडलं की मागचा डावाच निघायचा. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या जादा गाड्या सुटत, तेव्हा पेठकडचा झिपरू नावाचा एक ड्रायव्हर गाडीत चढण्याआधी विचारायचा, "सावळीरामनं ऐकली का?" बघितली का नव्हे, ऐकली का. नानांनी ऐकलेली नसेल तर तो गाडी घाटाकडे न्यायला तयार नसायचा. ही गोष्ट नानांनी घरी शंभरदा सांगितली होती आणि प्रत्येक वेळी 'ऐकली' या शब्दावर ते क्षणभर थांबायचे.

ते कान नेमके कधी गेले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. माणसं समोर बोलली की कळायचं. ट्रकचा हॉर्न कळायचा. वरचे, धारदार, बारीक आवाज मात्र एकेक करून न सांगता निघून गेले होते. आधी तेजस्विनीच्या घड्याळाचा गजर गेला. मग दाराची चिवचिवणारी बेल. दोनदा कुरिअरवाला दार वाजवून वाजवून परत गेला, तेव्हा नानांनी बाजारातून जाड घंटेच्या आवाजाची बेल आणली आणि स्वतः बसवली. "त्या चिवचिवाटानं डोकं उठतं," असं घरात सांगितलं. कुणी काही विचारलं नाही.

आता त्यांनी चिमट्यावरचा ब्रेक धरून ठेवणारे दोन्ही बोल्ट ढिले केले, तेजस्विनीला लिव्हर दाबून धरायला लावला आणि बोल्ट पुन्हा आवळले. असं केलं की ब्रेक आपोआप चकतीच्या मधोमध येतो, हे त्यांनी तिच्या फोनवर एकदा बघितलं होतं. एकदा बघितलेलं त्यांच्या हाताला पुरत असे. चाक फिरवलं.

"आहे अजून."

"असणारच. पयल्या झटक्याला बसत नाय ते."

पुन्हा ढिलं, पुन्हा दाब, पुन्हा आवळणं.

"आता?"

"तेवढाच आहे, नाना."

तिसऱ्या वेळी नानांनी स्वतः चाक फिरवलं. मान किंचित कलती केली, डोळे अर्धे मिटले. डेपोच्या गेटाशी उभं राहून करायचे तसा चेहरा त्यांनी केला, आणि तो चेहरा करताना त्यांना खरंच वाटून गेलं की आता ऐकू येईल. काही आलं नाही. चाक गुपचूप फिरत राहिलं.

"गेला," नाना म्हणाले.

तेजस्विनीने चाकाकडे बघितलं. मग वडिलांकडे. त्यांचे डोळे अजून अर्धे मिटलेलेच होते.

"हो," ती म्हणाली. "गेला."

तिने तळहात टायरला लावून चाक थांबवलं. "थँक्यू, नाना." सायकल भिंतीला लावून ती उद्याची पिशवी भरायला वर निघून गेली.

नानांनी पाने पेटीत भरायला घेतले. दोन भरले आणि तिसरा हातातच राहिला. पंधरा दिवस जिने या आवाजाचा जप लावला होता, ती आवाज गेल्यावर चाक असं थांबवेल? तिने ते फिरू दिलं असतं. पुन्हा फिरवलं असतं, वाकून कान लावला असता. पोरीला लहानपणापासून खोटं बोलता यायचं नाही. खोटं बोलायची वेळ आली की ती हातातलं काम घाईने उरकायची.

घासत चालणारा ब्रेक नानांना पुरता ठाऊक होता. बस असती तर तापून तापून उतारावर त्याने दगा दिला असता. सायकलीचं तेवढं होणार नाही कदाचित. पण वीस मिनिटं? दोनशे किलोमीटरमध्ये वीस मिनिटं असला ब्रेक सहज खाऊन ढेकर देईल.

चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती. आणि आज आपल्याच पोरीची गाडी त्यांनी तक्रारीसकट बाहेर काढली होती, वर तिच्याकडून थँक्यू घेतलं होतं. हातातला पाना त्यांनी पेटीत ठेवला नाही. जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली,

"तेजू!"

ती अर्ध्या जिन्यापर्यंत आली.

"सायकल घे पुन्यांदा."

"झाली ना ती."

"झाली नाय. आवाज गेला नाय, तुला म्हाईत हाय." नाना पेटीतल्या पान्यांकडे बघत होते. "मला तो ऐकूच आला नाय. मघाशीपण नाय, आत्तापण नाय. असलं बारीक आता ऐकू येत नाय मला."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ स्कूटर घेऊन आत आले. त्यांनी ती जागेवर लावली, "काय नाना, बरं ना?" म्हणाले आणि दोघांच्या शेजारून जिना चढून गेले.

"कधीपासून?" तेजस्विनीने विचारलं.

"बेल बदलली ना, त्याच्याबी आधी."

"आईला सांगितलंय?"

"नाय."

ती उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आली. नानांना वाटलं, आता ही डॉक्टरचं काढणार, नाहीतर डोळ्यांत पाणी आणणार. तिने दोन्ही केलं नाही. सायकल भिंतीपासून काढली, त्यांच्या पुढ्यात आणून उभी केली आणि बाह्या वर सारल्या.

"मग आवाज मी सांगते. बाकीचं तुम्ही बघा."

वर्कशॉपात एक फिटर दुसऱ्या फिटरशी बोलतो तसं ती बोलली. नानांनी मान वर केली.

"थांब," ते म्हणाले. "पयल्यापासून घेऊ."

पहिल्यापासून म्हणताच त्यांना स्वतःची लाज वाटली. आवाज ऐकू आल्याचं सोंग निभावण्याच्या नादात त्यांनी पहिली पायरीच सोडली होती. गाडी कुठलीही असो, ब्रेकला हात लावण्याआधी चाक सरळ बसलंय का ते बघायचं असतं. हे ते नव्या भरतीच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे.

"चाक कवा काढलं होतं?"

"पंधरा दिवसांपूर्वी. गंगापूरच्या पुढे पंक्चर झालं होतं. मीच काढलं, मीच बसवलं."

"बसवताना सायकल उभी होती का आडवी?"

"आडवी. आणि त्याआधी... चकतीच्या बाजूनेच पडली होती एकदा. मी पाणी प्यायला गेले होते."

"हां. आता बोललीस."

नानांनी सायकल दोन्ही चाकांवर उभी केली. पुढचं चाक आवळणारी दांडी ढिली केली आणि हँडलवर छातीचा सगळा भार टाकला. चाक तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं आणि जागेवर जाऊन बसलं. हे कान नसताना कळलं, मनगटाला कळलं. त्यांनी दांडी आवळली, ब्रेकचे बोल्ट पुन्हा ढिले करून मधोमध आणले आणि चाक फिरवलं.

तिने डोळे मिटून घेतले. "पुष्कळ कमी. आता सारखा नाही. फेऱ्याला एकदाच येतोय."

"एकाच जागी?"

"एकाच जागी."

"म्हंजे चकती वाकली."

नाना वर गेले आणि साबण लावून हात धुतले, दोनदा. आयुष्यभर काम झाल्यावर हात धुतले होते. कामाआधी धुण्याची ही पहिलीच वेळ. पण या चकतीला तेलकट बोट लागलं की पॅड घसरतात, हेही त्यांनी त्याच फोनवर बघितलेलं होतं. येताना एक जुनी लग्नपत्रिका आणि बायकोच्या, मैनाबाईंच्या, धुतलेल्या कपड्यांतला एक पांढरा रुमाल घेऊन आले. तेजस्विनीने सायकल पुढून उचलल्यावर पत्रिकेची कोरी बाजू त्यांनी एका हाताने ब्रेकच्या मागे धरली आणि चष्मा नाकावर सरकवून चकती आणि पॅड यांच्या मधल्या फटीकडे बघत राहिले. मागच्या कागदामुळे ती फट पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसत होती.

"हळू फिरव. लय हळू."

दोरा होता. होता. होता. मग बारीक होत होत एका जागी नाहीसा झाला आणि पुन्हा उमटला.

"हा!" तेजस्विनी म्हणाली.

"हा," नाना त्याच क्षणी म्हणाले.

जो आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, तो त्यांनी बघितला होता. त्या जागी पेनाने बारीक खूण केली, पान्याच्या तोंडाला रुमाल गुंडाळला आणि चकतीची कड त्यात धरली.

"किती वाकवायची?" तिने विचारलं.

"वाकवायची नाय. समजूत काढायची."

त्यांनी मनगट इतकं कमी हलवलं की ते हललं की नाही, हे तिला दिसलं नाही. चाक फिरवलं.

"आहे."

पुन्हा.

"आहे. थोडा कमी."

पुन्हा. आता जरा जास्त झालं आणि दोरा दुसऱ्या बाजूने नाहीसा झाला. नानांनी शिवी गिळली आणि तेवढंच परत आणलं. गाल घामाने ओले झाले होते. मैनाबाईंनी वरून दोनदा चहाला बोलावलं. दोन्ही वेळा तेजस्विनीनेच "आले, आले" म्हटलं.

"आहे का?"

"अगदी... नाही, आहे. कणभर."

पुन्हा.

या वेळी ती काहीच बोलली नाही. पांढरा दोरा चाकाबरोबर सबंध फेरा अखंड राहिला, दुसरा फेरा, तिसरा. तिने हात लावला नाही. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, मंदावलं, शेवटी हवेच्या व्हॉल्व्हचं वजन खाली येऊन मागेपुढे झुललं आणि आपोआप थांबलं. तिने ते पुन्हा फिरवलं. मग आणखी एकदा. नाना चाकाकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

रविवारी मैनाबाईंना वणीच्या जगदंबेचं दर्शन घ्यायचं मनात आलं. ते मनात घातलं नानांनीच. एसटीने दोघं दुपारी वणीला पोचले, दर्शन झालं, आणि मग नाना त्यांना घेऊन सापुतारा रस्त्यावरच्या एका हॉटेलापाशी आले. तिथे कडुनिंबाच्या सावलीत टेबल मांडून दोन माणसं सायकलवाल्यांच्या कार्डांवर वेळ टाकून शिक्के मारत होती. जाताना एक शिक्का झाला होता, परतीचा आता व्हायचा होता. समोरून द्राक्षांचे क्रेट लादलेले टेम्पो जात होते. ऊन चांगलंच तापलं होतं.

जानेवारीत तेजस्विनी परतीला इथे पावणेसहाला पोचली होती. नानांना हे आकडे पाठ होते, कारण ते तिच्या टेबलावरच्या कागदावर लिहिलेले होते आणि तिने विचारलं नसतानाही त्यांनी ते वाचले होते.

आज सव्वाचार वाजता वळणावर तिचं पिवळं हेल्मेट दिसलं.

ती सायकलीवरून उतरली तेव्हा तिच्या कानशिलांवर घामाचं मीठ पांढरं झालं होतं. शिक्का घेतला, पाण्याची बाटली एका दमात अर्धी केली. मैनाबाई तिची पाठ चोळत "बाई गं, बाई गं" एवढंच म्हणत होत्या. नाना जरा अंतर ठेवून उभे होते. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी कळ काढली.

"ब्रेक?"

तेजस्विनीने बाटली खाली घेतली. ती खरंच आठवायला लागली.

"आठवणच नाही आली त्याची," ती म्हणाली.

नानांनी मान हलवली. चौतीस वर्षांत एकाही ड्रायव्हरने येऊन सांगितलं नव्हतं की सावळीराम, ब्रेक झकास लागतोय. ब्रेक झकास असला की तो कुणाच्या लक्षातच राहत नाही. त्यांनी उगाच तोंड फिरवून रस्त्यावरच्या टेम्पोंकडे बघितलं.

तेजस्विनीच्या मागोमाग आलेली एक बाई सायकल हातात धरून त्यांच्यासमोर आली. वय चाळिशीचं, चेहरा उन्हाने लालबुंद.

"तुम्हीच का हिचे नाना? मी वेदिका, देवळ्याला शाळेत शिकवते. अख्ख्या घाटात आमचे ब्रेक किंचाळत होते, हिचा तेवढा गप्प. मी विचारलं, कुठे करून घेतलास? तर म्हणाली, घरी." तिने सायकल थोडी पुढे केली. "माझी बघता का? घासतेय कुठेतरी. अजून चाळीस किलोमीटर जायचंय."

सावलीत बसलेल्या आणखी दोघा-तिघांनी माना वळवल्या. शिक्केवालेही बघू लागले. नाना पुढे झाले. क्षणभर त्यांची मान सवयीने कलती झाली. मग त्यांनी ती सरळ केली आणि डेपोत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बोलायचे त्या आवाजात सांगितलं,

"बघतो की. पण एक हाय, बारीक आवाज मला ऐकू येत नाय. बंदच झालंय ते. तू आवाज सांगायचा, मी चकती बघतो. जमतंय?"

आपलं गाव निफाड तालुक्यातलं, हे सांगावं इतक्या सरळ त्यांनी ते सांगितलं. कुणी हसलं नाही. "जमतंय की," वेदिका म्हणाली आणि हँडल धरून तिने चाक वर उचललं. नानांनी हॉटेलवाल्याकडे साबण मागितला.

मैनाबाई चहाचे दोन ग्लास घेऊन त्यांच्या मागे चार पावलांवर उभ्या होत्या.

हा माणूस घरी बसल्यापासून आपलं बोलणं याला नकोसं झालंय, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. स्वयंपाकघरातून एक हाक मारावी, दुसरी मारावी, आणि त्याने पेपर वाचत बसावं. आधी त्या भांडल्या. मग येवल्याच्या बहिणीजवळ रडल्या. अलीकडे तर एकाच हाकेवर थांबायच्या. ग्लासातला चहा हिंदकळून त्यांच्या बोटांवर आला, तरी त्या तशाच उभ्या राहिल्या.

तेजस्विनीने आईकडे बघितलं आणि काही सांगायला तोंड उघडलं. मैनाबाईंनी मानेनेच नको म्हटलं.

"निघू का नाना?" तेजस्विनीने हेल्मेटचा पट्टा लावत मोठ्याने विचारलं.

नाना चाकापुढे उकिडवे बसले होते. "जा. सव्वातीन तास हायेत. आता चालत गेलीस तरी पोचशील."

ती निघाली. दिंडोरीच्या रस्त्याला लागेपर्यंत नाना तिच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिले, आणि मग समोरच्या चाकाकडे वळले. "हं, फिरव. हळू."

मैनाबाईंनी मागून हाक मारली नाही. त्या सायकलीला वळसा घालून समोर आल्या, नानांची नजर वर होईपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या,

"चहा."